भाईदासची फुंकर

भुसावळजवळच्या कोळशाच्या डेपोवर वर्षातून एकदा मजुरांच्या छातीची तपासणी व्हायची. मशीनच्या नळीत जोरात फुंकायचं. आकडा कमी आला की घरी बसायचं.

पिंपळनेरच्या टोळीत दमदार छातीचा एकटा भाईदास, लग्नात सनई वाजवणारा. कोळशानं काळ्या पडलेल्या चेहऱ्यांत डॉक्टरला माणूस ओळखू येत नसे, म्हणून उरलेल्या अकरा जणांची कार्डं घेऊन दरवर्षी तोच पुन्हा पुन्हा रांगेत उभा राहायचा.

"भाऊ, मना नाववर बी तूच फुकी दे, तुनी छाती भक्कम शे," म्हणत ज्ञानेश्वरनं यंदाही कार्ड पुढं केलं. भाईदासनं बाराही वेळा जीव ओतून फुंकलं.



दुपारी यादी लागली. बाराही नावांपुढं आकडा कमीच होता. बाराच्या बारा जण घरी बसले.