निळं रबर

"तुझे केस तर आखूड. बांधणार कशाला?" मॉनिटर म्हणाली. "हातातच घाल."

मधली सुट्टी संपत आली होती. खिडकीजवळच्या दोन बाकांवरच्या मुली सगळ्या एकसारख्याच निळ्या रबराने केस बांधायच्या. तसलं रबर दुकानात कुणालाही मिळालं असतं, पण वर्गात ते विकत घेऊन लावायची कुणाची छाती नव्हती. ते मॉनिटरच्या हातूनच मिळायचं. वर्गात येऊन वर्ष होत आलं तरी जिला सगळे 'नवी'च म्हणायचे, तिच्या मनगटावर आज ते चढलं. तिला एकदम रडूच यायला लागलं. तिने खोकल्याचं सोंग केलं आणि वेळ मारून नेली. आई रोज विचारायची, "डबा कुणाबरोबर खाल्लास गं?" आणि ही रोज काहीतरी ठोकून द्यायची. उद्यापासून थापा मारायची गरज नव्हती.

"जा, दप्तर घेऊन ये," मॉनिटर म्हणाली. "आणि तिच्याशी गप्पा मारत बसू नकोस."

नवीचं दप्तर दाराजवळच्या शेवटच्या बाकावर होतं. तिथे आता कुरळी बसली होती. काल ती खिडकीजवळ होती, सगळ्यांत मोठ्याने हसत होती. आज सकाळी मॉनिटरने वर्गासमोर तिच्या केसांतून रबर ओढून घेतलं. तिचं चुकलं काय, हे कुणी विचारलं नाही. विचारलं की पुढचा नंबर आपला, हे न कळण्याइतकं कुणी दूधखुळं नव्हतं.

नवीने खाली मान घालून दप्तर उचललं, तसं रबर मनगटावरून बोटांपर्यंत घसरलं.

"सैल झालंय ते," कुरळी हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता, कुचकेपणा तर नव्हताच. "दोनदा गुंडाळ. पडलं ना, तर त्या सगळ्या फार चिडतात."

परत जाताना नवीने रबर दोनदा गुंडाळलं. त्यात एक लांब, कुरळा केस अडकलेला होता.

घंटा झाली. बाई आल्या आणि त्यांची नजर थेट शेवटच्या बाकावर गेली.

"केस मोकळे सोडून वर्गात? रबर कुठाय?"

"हरवलं, बाई."

बाईंनी उसासा टाकला. "कुणाकडे जास्तीचं आहे का गं? द्या तिला. नाहीतर तास संपेपर्यंत बाहेर उभं राहावं लागेल."

खिडकीजवळच्या मुलींची रबरं केसांत होती. जास्तीचं एकच होतं.

नवीकडे कुणी डोळे वटारून पाहिलं नाही, कुणी कोपर मारलं नाही. तिचा हात आपणहून बाकाखाली गेला.

कुरळीने क्षणभर वाट पाहिली. मग केस एका मुठीत धरून ती उठली आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेली.

मॉनिटर थोडी सरकली. "अशी कडेला काय बसलीस? नीट बस की. आता तुझीच जागा आहे."

नवी आत सरकून बसली. फळ्यावरचं सगळे उतरवून घेत होते. तिचा हात मात्र बाकाखालीच होता.