सोंगाच्या कानात

मेडुसाचे डोळे कोरून झाले आणि मल्हारीच्या हातातली पटाशी गळून पडली. पांगाऱ्याच्या लाकडातून कुसावैनी बघत होती.

बत्तीस वर्षं त्याने तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. हातांनी मात्र दगा दिला. नाक बदलायला घेतलं, तर ती जास्तच कुसा दिसू लागली.

पेठ तालुक्यात बोहाड्याच्या उत्सवातली सोंगं, म्हणजे देवादिकांचे लाकडी मुखवटे, कोरावीत ती मल्हारीनेच. त्याचा गणपती बघून हत्ती लाजायचा, नरसिंह बघून मांजरं पाडा सोडून जायची, असं लोक सांगत. त्यातलं निम्मं तरी खरं असावं. म्हणून तर गंगापूर रोडच्या एका कॉलेजातल्या चैताली मॅडम नाटकाच्या मुखवट्यासाठी स्वतः त्याच्या अंगणात आल्या होत्या.

"ग्रीक नाटक आहे, काका."

"ह्ये ग्रीक म्हंजे सुरगाण्याच्या पल्याड का?"

"त्याच्याही बरंच पल्याड." मॅडम हसल्या. "ही मेडुसा. केसांच्या जागी साप. हिच्याकडे बघितलं की माणसाचा दगड होतो."

"लय वंगाळ बाई."

"आधी चांगली होती हो. देवळात एकाने तिच्यावर हात टाकला आणि शिक्षा मात्र तिलाच झाली. राक्षसीण ठरवून टाकली."

मल्हारीचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "मंग? तिच्या बाजूनं कुणी बोललं नाय?"

"कुणीच नाही."

"तोंड कसं करू? फोटू हाय का?"

"नको. आई म्हणाली, चेहरा त्यांच्यावरच सोड. तुमचं नावही तिनेच सुचवलं. फक्त हनुवटीमागे बोटभर जागा ठेवा, माईक बसवायचाय."

शहरातल्या कुणा आईपर्यंत आपली कारागिरी पोचली, याचं मल्हारीला बरं वाटलं होतं. तेव्हा.

कुसा त्याच्या चुलतभावाची बायको. भाऊ वारला आणि मल्हारीच्या शेताला लागून असलेलं भातखाचर तिच्याकडे आलं. त्याच साली पाड्यात पोरं तापाने फणफणली. भगताने सगळ्यांना बसवून विचारलं, कुणाला काही दिसलं का? मल्हारीला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. तरी तो उठला.

"कुसावैनी दिसली. केस सोडून, माझ्या दारात."

तो एवढंच बोलला. तिला डाकीण ठरवून बाकीचं लोकांनी केलं. पोर कडेवर घेऊन, दगड चुकवत ती घाट उतरली. खाचर मल्हारीकडे आलं, पण त्यातला भात त्याला कधी गोड लागला नाही.

प्रयोगाला मॅडमनी अख्ख्या पाड्याला आवतण दिलं, वर टेम्पोही धाडला. म्हातारा भगत फेटा बांधून पहिल्या रांगेत बसला. मल्हारीला मॅडम आत रंगपटात घेऊन गेल्या. खुर्चीवर मेडुसा तयार होऊन बसली होती: पायघोळ काळा झगा, हातमोजे, सापांचे केस आणि तो चेहरा.

"ही तेजल. संवाद घोकतेय मनात, बोलायची नाही. तुमची रीत तेवढी उरकून घ्या, काका." मॅडम दार ओढून गेल्या.

रीत अशी, की सोंग अंगावर चढलं की कोरणाऱ्याने त्याच्या कानात त्याचं खरं नाव सांगायचं. खोटं सांगितलं, तर सोंग घालणाऱ्याला सोडत नाही.

मल्हारी वाकला. 'मेडुसा' म्हणायचं होतं. तेवढं म्हणून सुटला असता. पण समोर कुणाची तरी कोवळी पोर होती, आणि लाकडातली ती टक लावून बघत होती. त्याचे गुडघे आपोआप जमिनीला टेकले.

"कुसावैनी," तो पुटपुटला. "तू कुसावैनी हायेस."

मुखवटा किंचित हलला.

"मी तुला बघितलंच नव्हतं गं. दारात नाय, कुठंच नाय. खाचरापायी खोटं बोललो. भगताला बी ठावं होतं. त्यानं निम्मा भात मागितला, मी कबूल केला. तुला दगड मारले तवा मी बी एक उचलला व्हता. या पोरीला काय करू नको. धरायचं तर मला धर."

पडद्यापलीकडचा गलका एकाएकी थांबला. नाटक सुरू होत असेल, असं त्याला वाटलं. छातीवरचं ओझं उतरून तो बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेत होता.

हातमोज्यांनी मुखवटा हळूच वर उचलला. खाली तोच चेहरा होता, फक्त पिकलेला.

"चैते," ती दाराकडे बघून म्हणाली, "पार भगतापत्तुर गेला ना गं आवाज?"