खुरप्याच्या टोकानं

विद्यापीठाच्या नावावरून दंगल पेटली, शेजारच्या गावात घरं जाळली, गुरुजी परभणीला निघून गेले अन् आमच्या शाळेला कुलूप लागलं. माझी लेक केवळा चौथीत व्हती. रिकामी म्हणून ती आमच्यासंगं कापूस खुरपायला येऊ लागली, अन् मला धास्ती बसली. रझाकाराच्या काळात, मी दुसरीत असताना, माझी शाळा अशीच बंद पडली व्हती. ती परत उघडली तवा बाप म्हणला, "येवढं रान उरकू दे, मग जा." ते रान अजून उरकलं न्हाई. म्हणून खुरपायला धरलेली पात संपली की मी केवळाला बांधावर बसवायचो. खुरप्याच्या टोकानं ती वल्या मातीत पाढे मांडायची, धडा लिहायची. माझं दुसरीचं शिकणं कवाच पुसलं व्हतं, तरी मी वाकून बघायचो, मान हलवायचो. "बाबा, तुमी उलट्या बाजूनं बघायलात," ती हसायची. महिन्यानं एका सकाळी शाळेची घंटा वाजली. केवळा उठली, परकराला हात पुसले. "शाळा उघडली. जाऊ?" मी रानाकडं बघितलं. गवत कापसाच्या वर गेलं व्हतं, रोजानं दोनच बाया आल्या व्हत्या. केवळाचा हात त्या दोघींपेक्षा चपळ चालायचा. "येवढं रान उरकू दे," मी म्हणलो, "मग जा." ती काही बोलली न्हाई. खाली बसली, खुरपं उचललं. मीबी बापाला काही बोललो नव्हतो.