झोपलेला चाफा

समजा, तुम्ही चाफ्याचं झाड आहात. कुंडीतलं. बाहेर कॅनडातल्या विनिपेगचा फेब्रुवारी, दाराशी गुडघाभर बर्फ. म्हणून तुम्हाला तळघरात, धुण्याच्या मशीनशेजारी अंधारात ठेवलंय. पानं केव्हाच गळली. ऊन तापेपर्यंत आता फक्त झोपायचं. आणि अशा गाढ झोपेत कुणी येऊन तुमच्या तोंडात पाणी ओतलं, तर?

लोलो अम्बो, म्हणजे या फिलिपिनो घरातले आजोबा, चाफ्याचं खोड दाबून बघत होते. बुंध्याशी बोट आत गेलं, पिकलेल्या केळ्यात जावं तसं.

"याला पाणी कुणी घातलं?"

मागे त्यांची सात वर्षांची नात उभी होती, अमिहान. गेल्या उन्हाळ्यात चाफा पहिल्यांदा फुलला, तेव्हा पहिलं फूल तिच्याच कानामागे खोवलं होतं. आता तिचे दोन्ही कान लाल झाले.

"मी, लोलो. माझ्या बाटलीतलं. किती सुकला होता तो! पण एकदाच हं."

"एकदाने एवढं होत नाही." लोलोंनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "खाली या सगळे!"

सगळे आले. अमिहानची आई म्हणाली, कपडे धुवायला आले की चुकून एखादा मग. लोला, म्हणजे आजी, पदराशी चाळा करावा तशी ॲप्रनशी चाळा करत म्हणाली, "मी आपलं घोटभर. तेही कोमट."

"आणि तू रे?"

"मी पाण्याचा थेंबही घातला नाही," दोदोंगमामा ताठ मानेने म्हणाला. तो नुकताच हॉस्पिटलातली पाळी संपवून परतला होता. "मी उरलेली कॉफी घालायचो."

"साखरेची?"

"मग काय, कडू पाजू त्याला?"

लोलोंनी कपाळाला हात लावला. "दारात कुणी दिसलं की आधी 'जेवलास का?' विचारता, ते ठीक आहे. पण झाडालाही? अरे, झोपलंय ते! झोपलेल्याला कुणी जेवायला वाढतं का?"

त्यांनी चाफा कुंडीतून उपसला. मुळं काळी, बुळबुळीत. त्यांनी सुरी घेतली. प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटने पुसायची, ते काम अमिहानचं.

बुंध्याची पहिली चकती तपकिरी निघाली. दुसरीही. कापता कापता अमिहानच्या खांद्याएवढा चाफा तिच्या कमरेएवढा झाला.

"लोलो, अजून किती?"

"आत पांढरं दिसेपर्यंत."

"आणि नाहीच दिसलं तर?"

लोलोंनी सुरी तिच्यापुढे धरली. पुढच्या चकतीत मधोमध मसुरीएवढा डाग होता. अमिहानने सुरी पुन्हा पुसली, नीट, दोन्ही बाजूंनी. लोलोंनी आणखी एक काप घेतला. आत पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यातून चीक भरभरून वर आला. आईने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

उरलेलं खोड लोलोंनी सुतळीने वरच्या पाइपाला टांगलं.

"आता काय करायचं?" अमिहानने विचारलं.

"काही नाही. जखम सुकू द्यायची. पाणी नाही, माती नाही. बर्फ वितळला की कुंडीत लावू, मग नवी मुळं फुटतील."

"काहीच नाही करायचं?"

"तेच तर अवघड असतं, बाळ."

सगळे जेवायला वर गेले. अमिहान मात्र जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली. टांगलेल्या खोडातून चिकाचा एक थेंब जमिनीवर पडला. मग दुसरा. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

मागे पायरी करकरली. लोला होती. ॲप्रनच्या टोकाखाली तिने काहीतरी झाकून आणलं होतं.

"इतकं मोठं ऑपरेशन झालं गं त्याचं," ती कुजबुजली. "घसा कोरडा पडला असेल. मी नुसते ओठ ओले करते. आजोबांना सांगू नकोस."

अमिहान उठली. तिने लोलाच्या हातातला पेला घेतला, एकदा चाफ्याकडे पाहिलं, आणि सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.