सखीचा फोटो

"पुन्हा तेच टकलावरचं तेल!" म्हणत बाईंनी जाहिरातीची कमेंट उडवली. तिच्याखाली बिनव्याजी कर्ज होतं, त्याखाली परदेशी लॉटरी. हा सगळा कचरा काढला तेव्हा कुठे खऱ्या वाचकांची रांग दिसली, आणि बाईंचं डोकं आणखीच तापलं.

ब्लॉग नवऱ्याचा, उस्तवार बाईंची. नवरोजी लेख टाकून पंख्याखाली लवंडत. आलेल्या कमेंट निवडायच्या, गोड शब्दांत आभार मानायचे, हे सारं बाईंच्या गळ्यात. पूर्वी ते राजकारणावर लिहीत, तेव्हा तिकडे काळं कुत्रं फिरकत नव्हतं. 'सखी गेली' हा लेख आला आणि वाचकांची रीघ लागली.

सखीचं हसणं, सखीचा रुसवा, तिच्या आजारात उशाशी बसून काढलेल्या रात्री. वाचणारे ढसाढसा रडत. आणि इथे रोज समोर ताट ठेवणाऱ्या बाईंना "तू जेवलीस का?" एवढं विचारायला या माणसाची जीभ रेटत नव्हती.

आज एका वाचक ताईंनी लिहिलं होतं, 'सखीची जागा दुसरीला देऊ नका हं, भाऊ!'

"यांना काय कळवू?" बाईंनी विचारलं. "घरात बायको आहे म्हणून सांगू?"

"डोकं फिरलंय का तुझं?" नवरा ताडकन उठून बसला. "एक वाचक राहणार नाही."

"नाही तर नाही. मी काय अडगळ आहे? माझ्याबद्दल लिहा की चार शब्द!"

"तुझ्याबद्दल काय लिहायचं? तू आहेस की इथे."

बाईंनी ओठ आवळले. "आणि त्या जागून काढलेल्या रात्री? दवाखान्यात तुम्ही एकदाच आलात, तेही डबा घरी विसरून. मला ठाऊक नाही होय?"

"लिहिताना थोडं तिखटमीठ लावावंच लागतं. ते सोड. उद्या सखीला जाऊन वर्ष होतंय, सगळे फोटो मागताहेत. टाक एखादा."

"कुठून टाकू? तिचा एकटीचा एक तरी फोटो काढलात कधी?"

"मग नेटवरून घे कुणाचाही. नाकीडोळी नीटस बघ म्हणजे झालं."

"कुणाचाही?" बाईंचा आवाज चढला. जिने या माणसाचं घर सांभाळलं, शर्टाची बटणंसुद्धा शोधून दिली, तिच्या नावावर परकीचा चेहरा! "अहो, थोडी तरी लाज?"

"अगं, ओळखणार कोण आहे तिला?" असं म्हणून तो पुन्हा आडवा झाला आणि बघता बघता घोरू लागला.

त्या दिवशी बाईंनी कमेंटना उत्तरं दिली नाहीत. उठून तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले आणि खिडकीच्या उजेडात मोबाइल समोर धरून स्वतःचा एक फोटो काढला. तो ब्लॉगवर टाकला आणि खाली लिहिलं:

'हीच सखी. यांची सखी 'गेली' त्या दिवशी मी दवाखान्यातून बरी होऊन बसने एकटीच घरी आले. तेवढं लिहायचं यांच्याकडून राहून गेलं.'