शेवटचा सहभागी

"मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, काका," उत्तरा म्हणाली. "चुकलं तर चूक अ‍ॅपची. परीक्षा त्याची आहे, तुमची नाही."

"आणि तुमची?" देवदत्त काकांनी फोन हातात घेत विचारलं.

"माझीही नाही," ती हसली.

अंधेरीच्या ऑफिसातल्या त्या छोट्या खोलीत दोघंच होती. काचेपलीकडे शौनक रेकॉर्डिंग सांभाळत बसला होता. अ‍ॅपचं नाव 'सांगाती'. उतारवयात एकट्या राहिलेल्या माणसांना जोडीदार शोधून देणारं. ते बाजारात येण्याआधी खऱ्या माणसांच्या हातात देऊन कुठे अडतं ते बघायचं, हे काम क्लायंटने उत्तराच्या कंपनीला दिलं होतं. एकटे राहणारे ज्येष्ठ हवेत, असा मेसेज तिने ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर फिरवला होता.

आलेली माणसं झकास होती. नाव भरायची, फोटो लावायची, प्रोफाइल चवीने चाळायची. पण 'ओळख करून घ्या' हे बटण समोर आलं की प्रत्येकाचा हात आखडायचा. का, ते कोणालाच धड सांगता येत नव्हतं. "बघू नंतर," एवढंच म्हणायचे. सोमवारी क्लायंटपुढे उभं राहायचं होतं आणि उत्तराकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

देवदत्त काका शेवटचे. मुलुंडला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. फोन सराईतपणे हाताळत होते, पण स्क्रीनपेक्षा उत्तराकडेच जास्त बघत होते. हे काम आवडतं का, घरी जायला उशीर होतो का, जेवण वेळेवर होतं का, असले प्रश्न मधूनमधून विचारत होते.

शौनकचा मेसेज आला. 'हा माणूस क्लायंटचा वाटतो यार. तुला तपासायला पाठवलाय.'

उत्तराच्याही मनात तेच आलं होतं. ती जरा सावरून बसली.

बटण आलं. काकांचं बोट थांबलं.

"काय चाललंय मनात?" तिने विचारलं.

"बटण सोपं आहे हो. पण याच्या पुढचं कुठाय?"

"पुढचं म्हणजे?"

"समजा ओळख झाली, सूर जुळले. मग मुलांना कसं सांगायचं? ते तर यात कुठेच नाही."

उत्तरा त्यांच्याकडे बघतच राहिली. बटणाला कोणी घाबरतच नव्हतं. सगळे घाबरत होते आपापल्या पोरांना. रंग बदला, अक्षरं मोठी करा, असलं काहीबाही ती अहवालात लिहिणार होती, आणि खरी गोष्ट ही होती. काचेपलीकडून शौनकने अंगठा वर केला. माणूस क्लायंटचा असो नाहीतर कोणाचाही, तिला त्याचे पाय धरावेसे वाटले.

"रेकॉर्डिंग जरा बंद करता येईल?" काकांनी विचारलं.

तिने खूण केली. शौनकने बंद केलं.

"आता तुम्हीच सांगा. तुमच्या घरी असं झालं तर?"

असा प्रश्न आला की तो अलगद समोरच्याकडेच परतवायचा, हा या कामातला नेम. पण आज ती खुशीत होती.

"माझी आई बोरिवलीला एकटीच असते," ती म्हणाली. "बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही. हे काम हातात आल्यापासून सारखं वाटतं, तिला कोणी भेटलं तर? सुरुवातीला मला जड जाईल, खोटं कशाला बोलू. पण फोन ठेवताना ती 'आणखी काय' विचारते ना, तेव्हा तिच्याकडे आणखी काहीच नसतं. ते ऐकायला नको वाटतं हो. तिला कोणाची सोबत मिळाली तर मला बरंच वाटेल."

"आणि तुम्हाला न विचारता तिने ठरवून टाकलं तर?"

"भांडेन. थोडे दिवस बोलणार नाही. मग मीच दोघांना जेवायला बोलवेन. करणार काय?"

काका चष्मा काढून रुमालाने पुसत बसले.

"तुमच्यामुळे माझं मोठं काम झालं, काका," उत्तरा उठत म्हणाली. "खरंच आभार."

ते मात्र उठले नाहीत.

"एक सांगायचं राहिलंय. एकटी राहणारी माणसं हवीत असं तुम्ही लिहिलं होतं. तसं सांगूनच मी आलो. ते खरं नाही."

आले मुद्द्यावर, उत्तराला वाटलं. ती पुन्हा खुर्चीत बसली. "कोणी पाठवलं तुम्हाला?" तिने शांतपणे विचारलं.

"बायकोने."

तिला हसू आवरेना. "म्हणजे लग्न केलंत?"

"गेल्या महिन्यात. रजिस्टर. माझा मुलगा साक्षीला होता."

"अहो, मग अभिनंदन." ती मनापासून म्हणाली. तिच्या अहवालातला एक सहभागी बाद झाला होता, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. "आणि काकूंना का नाही आणलंत? मला आवडलं असतं त्यांच्याशी बोलायला."

"आणलंय की. खाली रिक्षा स्टँडपाशी थांबली आहे," देवदत्त काका म्हणाले. "तू रागावशील म्हणून वर यायला तयार नाही तुझी आई."