आईनं समोर बसायचं

घंटा डावीकडे वाजली आणि टिल्लूनं डावीकडे मान वळवली. उजवीकडे वाजली, तो उजवीकडे वळला. दहा महिन्यांचं पोर आजीच्या मांडीवर बसलं होतं. तपासणीच्या बाई आजीच्या पाठीमागे उभ्या राहून घंटा वाजवत होत्या. आईनं समोर बसायचं आणि नुसतं हसरं तोंड ठेवायचं, एवढंच तिला सांगितलं होतं. बुटक्या स्टुलावर बसल्या बसल्या तिचा जीव भांड्यात पडला.

टिल्लू पोटात असताना तिला दोन दिवस कणकण आली होती. घरकाम चुकलं नाही की जेवण चुकलं नाही, एवढीशी कणकण. तेवढ्यात कुठलासा विषाणू तिच्या रक्तातून बाळाच्या रक्तात उतरला. जन्मला तेव्हा डोकं जरा लहान भरलं. मेंदूवर किती परिणाम झालाय ते आज नाही सांगता येणार, पोर वाढेल तसं बघत राहायचं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ती बघतच होती. पाजताना बघायची, न्हाऊ घालताना बघायची. वाऱ्यात दिवा धरावा तशी ओंजळ धरून बघायची.

आज ठोकळ्यांनी दगा दिला होता. बाईंनी रंगीत ठोकळे पुढ्यात मांडले, वाजवून दाखवले, तरी टिल्लू आपला आईच्या तोंडाकडे बघत बसला. आता सगळी भिस्त घंटेवर होती.

"आजोबांवर नाही गेला म्हणायचा," मांडीवरच्या नातवाला सावरत सासू म्हणाली. "त्यांच्या कानाशी नगारा बडवा, ढिम्म. त्यातून बाजारात जायचं म्हटलं की दोन्ही कान बंद."

बाई हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"अजून एकदा बघू."

त्यांचा हात डावीकडे गेला. टिल्लू डावीकडे वळला. आई सुखावून हसली, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला. घंटेचा आतला लोलक त्यांनी चिमटीत घट्ट धरून ठेवला होता.

"ताई, आत्ता घंटा वाजलीच नाही."

खोलीत खरंच काही वाजलं नव्हतं.

"तुमची नजर माझ्या हाताकडे गेली, म्हणून तो वळला. आता जरा डोळे मिटून बसा."

"म्हणजे पोराला ऐकू येत नाही की काय?" सासूनं विचारलं.

आईनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढून सगळं घर सरकून गेलं. दाराशी पाऊल वाजलं की तिचे डोळे दाराशी. तिचे डोळे दाराशी की पोराचे डोळे दाराशी. पाखरू ओरडलं की ती खिडकीकडे, ती खिडकीकडे की तोही खिडकीकडे. 'कान कसे तिखट आहेत बघा,' असं तिनंच साऱ्यांना कौतुकानं सांगितलं होतं.

घंटा डावीकडे वाजली. उजवीकडे वाजली. मग इतक्या जोरात वाजली की तीच दचकली. सासूच्या मांडीवर मात्र कपडाही सळसळला नाही.

कान गेले. ठोकळे कळत नाहीत, कानही गेले. आता उरलं काय, असं तिच्या मनात आलं आणि तिनं डोळे आणखी घट्ट आवळले.

तेवढ्यात पापणीला काहीतरी ओलं लागलं. लाळेनं माखलेली इवली बोटं होती ती. आजीच्या हातांतून पुढे ओणवा होऊन टिल्लू आईची पापणी वर उचलत होता. डबीचं झाकण उघडावं तशी, नेटानं, ओठ मुडपून. एक उघडली तसा तो दुसऱ्या पापणीकडे वळला.

"राहू द्या, आजी, त्याला मागे ओढू नका," बाई हळूच म्हणाल्या. "कान मशीनवर तपासून घेऊ. बाकीही बघत राहावं लागेलच. पण ताई, हे पोर बावळट नाही. आपल्याला कुठून ऐकू येतं, ते त्याचं त्यानं शोधून काढलंय."

आईनं डोळे उघडले. आसवं आली तशी वाहू दिली. डोळे मात्र तिनं मिटले नाहीत.